चार घरांतला इतिहास: एमी पुरस्कार आणि इंग्रजी शब्दकोडे

#थ्रेड #इतिहास

१/
चार रोमन अक्षरांचा शब्द. संकेत: 'दूरचित्रवाणीवरील कामगिरीचा पुरस्कार'. अमेरिकन दैनिकांतील शब्दकोडे नित्यनेमाने सोडवणारा मनुष्य हा संकेत वाचताच ई, एम, एम, वाय ही अक्षरे भरतो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. एमी पुरस्कारांचा सोहळा त्याने जन्मात पाहिलेला नसला, तरी हा शब्द त्याच्या हाताला सवयीने ठाऊक असतो. एखादा पुरस्कार शब्दकोड्यात वर्षानुवर्षे पुनःपुन्हा का यावा? आणि त्याच पुरस्काराची पहिली मानकरी मात्र त्या कोड्यात का दिसू नये? आजचा धागा या दोन प्रश्नांविषयी आहे.

२/
आरंभ शब्दकोड्यापासून करू. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकाच्या 'फन' नावाच्या रविवार पुरवणीत आर्थर विन या संपादकाने एक नवे कोडे छापले. विन मूळचा इंग्लंडमधील लिव्हरपूलचा. त्याच्या कोड्याचा आकार शंकरपाळ्यासारखा होता आणि नाव होते 'वर्ड-क्रॉस'. काही आठवड्यांनी छपाईत त्या नावाची उलटापालट झाली आणि 'क्रॉस-वर्ड' हेच नाव रूढ झाले. आज जगभर वापरला जाणारा हा शब्द जन्माने मुद्रणदोष आहे.

३/
पुढील दहा वर्षे हा खेळ एका दैनिकापुरता राहिला. १९२४ मध्ये सायमन आणि शुस्टर या दोन तरुण प्रकाशकांनी आपल्या संस्थेचे पहिले पुस्तक म्हणून शब्दकोड्यांचा संग्रह काढला आणि प्रत्येक प्रतीबरोबर एक पेन्सिल दिली. पहिली आवृत्ती ३,६०० प्रतींची होती. ती पाहता पाहता संपली आणि देशभर शब्दकोड्यांची साथ पसरली. त्याच वर्षी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने संपादकीय स्तंभात या छंदाची वेळेचा पापमय अपव्यय अशा शब्दांत संभावना केली. हे दैनिक पुढे याच खेळाचे सर्वांत प्रतिष्ठित घर होणार होते.

४/
ते घडायला महायुद्ध यावे लागले. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला. युद्धाच्या बातम्यांनी गांजलेल्या वाचकांना काही विरंगुळा हवा, या विचाराने १५ फेब्रुवारी १९४२ रोजी 'टाइम्स'च्या रविवारच्या अंकात पहिले शब्दकोडे छापले गेले. ११ सप्टेंबर १९५० पासून ते दररोज येऊ लागले. या स्तंभाच्या पहिल्या संपादिका होत्या मार्गारेट फरार. १९२४ चा तो संग्रह सिद्ध करणाऱ्या तिघांपैकी त्या एक. अमेरिकन शब्दकोड्याला आज जी शिस्त आहे, ती मुख्यत्वे त्यांनी घालून दिलेली आहे.

५/
ही शिस्त समजून घेतल्याखेरीज पुढची गोष्ट कळणार नाही. अमेरिकन कोड्याची रोजची चौकट पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे २२५ घरांची असते. चौकट उलटी धरली तरी काळ्या घरांची नक्षी तशीच दिसली पाहिजे. तीन अक्षरांहून लहान शब्द चालत नाही. काळी घरे साधारण एक षष्ठांशाहून अधिक नसावीत. आणि सर्वांत कठोर अट अशी की प्रत्येक अक्षर एका आडव्या आणि एका उभ्या, अशा दोन्ही शब्दांत बसले पाहिजे. एकही अक्षर एकटे राहता कामा नये.

६/
आता कोडेकाराच्या जागी बसून पाहा. चौकटीत एखादा लांब, देखणा शब्दसमूह त्याने मोठ्या हौसेने बसवलेला असतो. त्याच्या प्रत्येक अक्षरातून एक उभा शब्द जातो, त्या उभ्या शब्दांच्या अक्षरांतून पुन्हा आडवे शब्द जातात. अशा गुंत्यात कोपऱ्यांतील तीन-चार घरे भरताना तो अडतो. तिथे त्याला हवे असतात लहान शब्द, ज्यांत स्वर भरपूर आहेत आणि स्वर-व्यंजनांची गुंफण सैल आहे. इंग्रजीत असे शब्द मोजकेच आहेत. म्हणून तेच ते शब्द वारंवार येतात, आणि सराईत लोक त्यांना ओळखीच्या पाहुण्यांसारखे स्वीकारतात.

७/
पुरस्कारांची नावे या अडचणीवर जणू तयार औषध होती. अमेरिकेत पुरस्कारांना माणसांसारखी लाडकी, आखूड नावे देण्याची रीत पडली होती. चित्रपटांचा ऑस्कर १९२९ पासून दिला जाऊ लागला, रहस्यकथांचा एडगर १९४६ पासून, रंगभूमीचा टोनी १९४७ पासून. विज्ञानकथांचा ह्यूगो १९५३ मध्ये आला, ब्रॉडवेबाहेरील नाटकांचा ओबी १९५६ मध्ये, जाहिरातींचा क्लिओ १९५९ मध्ये, क्रीडाक्षेत्राचा एस्पी १९९३ मध्ये. ही सर्व नावे चार किंवा पाच रोमन अक्षरांत मावतात. शेवटी एस जोडला की अनेकवचनही तयार.

८/
निव्वळ अक्षरांच्या सोयीने पाहिले तर यांत ओबी सर्वांत सरस. त्याच्या ओ, बी, आय, ई या चार अक्षरांत तीन स्वर आहेत. एमीत मात्र मधोमध दोन एम शेजारी उभे आहेत, म्हणजे तो काही सर्वांत सुलभ शब्द नव्हे. पण ओबी पुरस्कार ठाऊक असणारा वाचक थोडा आणि एमी ठाऊक असणारा घरोघरी. कोड्यात टिकून राहायला शब्दाकडे सोयीची अक्षरे हवीत आणि लोकांच्या तोंडी असलेली कीर्तीही हवी. एमीकडे दोन्ही पुरेशा प्रमाणात होत्या. शिवाय सोहळा दरवर्षी होतो, त्यामुळे नवा संकेत रचायला कोडेकाराला दरवर्षी नवे विजेते मिळतात.

९/
आता हे नाव आले कोठून ते पाहू. १९४६ मध्ये सिड कॅसिड यांनी लॉस एंजेलिसमध्ये दूरचित्रवाणीसाठी एक अकादमी स्थापन केली. त्या वेळी हे माध्यम इतके बाल्यावस्थेत होते की चित्रपटसृष्टीतील बडी मंडळी त्याकडे ढुंकूनही पाहत नसत. अकादमीने पुरस्कार द्यायचे ठरवले, तेव्हा नाव काय ठेवावे यावर खल झाला. कॅसिड यांनी सुचवले 'आइक'. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यातील जुन्या नळीला आयकनोस्कोप म्हणत, त्याचे हे लघुरूप. पण आइक म्हटले की साऱ्या अमेरिकेला सेनापती आयझेनहॉवर आठवत. ते नाव मागे पडले.

१०/
मग हॅरी लुबके या अभियंत्याने दुसरे नाव पुढे केले: 'इमी'. इमेज ऑर्थिकॉन नावाची नवी कॅमेरा-नळी त्या काळात वापरात येत होती. आयकनोस्कोपला डोळे दिपवणारा उजेड लागे, या नळीला त्या मानाने फारच थोडा पुरे होई. तंत्रज्ञ तिला लाडाने इमी म्हणत. पुरस्काराची मूर्ती स्त्रीची ठरली, तेव्हा त्या नावाचे स्त्रीला शोभणारे रूप करण्यात आले आणि इमीची एमी झाली. पुढे कॅमेऱ्यांत दुसऱ्या नळ्या आल्या, मग नळ्याच गेल्या. एका विस्मृत यंत्रभागाचे नाव मात्र पुरस्कारात आणि शब्दकोड्यात शिल्लक राहिले.

११/
इथे एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. पुरस्काराचे नाव आइक ठरले असते, तरीही तो कोड्यात गाजलाच असता. आय, के, ई ही तीन अक्षरे अमेरिकन शब्दकोड्याची तितकीच जुनी ओळखीची आहेत. फक्त त्यांचा संकेत आज आयझेनहॉवर यांच्याकडे नेतो, त्याऐवजी तो कधी राष्ट्राध्यक्षाकडे, तर कधी पुरस्काराकडे नेऊ शकला असता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे: घरांत बसलेली अक्षरे तीच राहून त्यांचा इतिहास बदलू शकतो.

१२/
मूर्तीची कथाही थोडक्यात सांगतो. अकादमीने ४७ आराखडे नाकारल्यानंतर लुई मॅकमॅनस या अभियंत्याचा आराखडा पसंत झाला. पंख असलेली एक स्त्री दोन्ही हातांनी अणूची प्रतिकृती उंच धरून उभी आहे. पंख कलेचे, अणू विज्ञानाचा. या आकृतीसाठी मॅकमॅनस यांनी आपल्या पत्नीला, डोरोथी यांना समोर उभे केले होते. अणुबाँबला चार वर्षेही झाली नव्हती, अशा काळात अणू हे प्रगतीचे चिन्ह म्हणून निवडले गेले, हेही त्या पिढीच्या मनाचे एक दर्शन आहे.

१३/
२५ जानेवारी १९४९. हॉलिवूड अ‍ॅथलेटिक क्लबमध्ये पहिला एमी सोहळा झाला. तिकीट पाच डॉलर, पुरस्कार अवघे सहा, आणि स्पर्धेत फक्त लॉस एंजेलिस परिसरातील कार्यक्रम. मोपासांच्या कथेवर आधारलेल्या 'द नेकलेस'ला दूरचित्रवाणीसाठी बनवलेल्या सर्वोत्तम चित्रपटाचा मान मिळाला, हावभावांवरून शब्द ओळखण्याच्या एका खेळाला लोकप्रिय कार्यक्रमाचा. खुद्द मॅकमॅनस यांनाही मूर्तीच्या घडणीबद्दल गौरवण्यात आले.

१४/
आणि त्या रात्रीची सर्वांत उल्लेखनीय मानकरी होती शर्ली डिन्सडेल. दूरचित्रवाणीवरील सर्वोत्तम व्यक्तिमत्त्व म्हणून तिची निवड झाली आणि पहिली एमी तिच्या हाती पडली. शर्ली शब्दभ्रमकार होती. आपल्याकडे अर्धवटरावांमुळे घरोघरी पोहोचलेली ही कला. तिच्या बाहुलीचे नाव ज्युडी स्प्लिंटर्स. योगायोग असा की अकादमीचे पहिले अध्यक्ष एडगर बर्गन हेदेखील शब्दभ्रमकारच होते. पुढे शर्लीने हे क्षेत्र सोडले आणि श्वसनरोगांवरील उपचारांचे काम स्वीकारले. १९९९ मध्ये ती निवर्तली.

१५/
आता शब्दकोड्याकडे परत येऊ. पहिल्या एमीच्या मानकरीचे आडनाव इंग्रजीत आठ अक्षरांचे आहे. त्यात व्यंजनांची गर्दी आहे. कोपऱ्यात अडलेल्या कोडेकाराला ते काडीचेही उपयोगी नाही. आठ अक्षरांची मोठी जागा मिळालीच, तर तिथे तो सर्वांना ठाऊक असलेला, मनोरंजक शब्द घालणार. म्हणून एमी रोजच्या कोड्यात आणि पहिली एमी जिंकणारी कोड्याबाहेर. तिच्या कर्तृत्वाचे कोणी मूल्यमापन करून तिला वगळले, असे इथे घडलेले नाही. तिच्या नावाची घडणच चौकटीत मावणारी नव्हती.

१६/
याउलट काही विजेते कोड्यात अमर झाले. 'मॅश' मालिकेतील अ‍ॅलन आल्डा यांचे आडनाव ए, एल, डी, ए असे आहे: चार अक्षरे, दोन्ही टोकांना स्वर. एकाच मालिकेसाठी अभिनय, लेखन आणि दिग्दर्शन या तिन्हींचे एमी मिळवणारे ते पहिले कलावंत. १९५२ चे सर्वोत्तम अभिनेते सिड सीझर यांचे पहिले नाव तीन अक्षरांत उरकते. सात एमी मिळवणारे एड अ‍ॅझनर यांचे आडनाव ए, एस, एन, ई, आर, म्हणजे इंग्रजीत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या अक्षरांचीच मोळी. यांची थोरवी खरी आहेच. पण तितकीच थोर असलेली इतर माणसे मागे राहिली आणि ही पुढे आली, याचे श्रेय त्यांच्या वर्णमालेलाही द्यावे लागते.

१७/
सर्वांत मजेदार उदाहरण एका पराभवाचे आहे. 'ऑल माय चिल्ड्रेन' या दिवसा दाखवल्या जाणाऱ्या मालिकेत सुझन लुची यांनी एरिका केन ही भूमिका केली. एमीसाठी त्यांना नामांकन मिळत राहिले आणि पुरस्कार हुकत राहिला, इतका की त्यांचे हरणे हाच एक राष्ट्रीय विनोद झाला. अखेर १९९९ मध्ये, एकोणिसाव्या नामांकनावर, त्यांना एमी मिळाली. एरिका हे नाव पाच अक्षरांत तीन स्वरांचे. कोडेकारांच्या दृष्टीने ही काल्पनिक स्त्री कित्येक खऱ्या विजेत्यांहून मोलाची ठरली.

१८/
इथवरची कथा हलकीफुलकी वाटेल. पण तिच्यात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. हॅरी बेलाफॉन्टे हे १९६० मध्ये एमी मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय कलावंत. त्यांचे आडनाव नऊ अक्षरांचे. गेल फिशर ही १९७० मध्ये 'मॅनिक्स' मालिकेसाठी एमी मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिची दोन्ही नावे चौकटीत सहज मावतील अशी आहेत. परंतु फिशर हा इंग्रजीत 'मासे पकडणारा' या अर्थाचा साधा शब्द. तो कोड्यात आला, तरी संकेत लिहिणाऱ्याला या अभिनेत्रीची आठवण व्हायलाच हवी असे काही नाही.

१९/
हाच या धाग्याचा गाभा आहे. शब्दकोड्यात दोन गोष्टी असतात, आणि त्यांचे धनी वेगळे असतात. चौकटीत कोणती अक्षरे बसतील हे बव्हंशी भाषेचे गणित ठरवते. संकेत काय असेल हे माणूस ठरवतो, आधी कोडेकार आणि मग संपादक. अक्षरांवर त्यांचा ताबा थोडा, संकेतावर पूर्ण. म्हणून एखाद्या समाजाने कोणाची आठवण ठेवली आणि कोणाची ठेवली नाही, हे शोधायचे असेल तर उत्तरांची यादी मोजून भागत नाही. त्या उत्तरांशेजारचे संकेत वाचावे लागतात.

२०/
एमी हाच शब्द घ्या. १९४९ पूर्वी ही चार अक्षरे एका युरोपीय मुलीच्या नावाची होती. एमी डेस्टिन ही चेक गायिका या नावाने ऑपेराच्या रंगमंचावर कीर्ती पावली. एमी नोएथर या जर्मन गणितज्ञ विदुषीने १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेला सिद्धान्त आधुनिक भौतिकशास्त्राचा आधारस्तंभ मानला जातो. म्हणजे संकेत गायिकेचा देता येतो, गणितज्ञाचा देता येतो, पुरस्काराचाही देता येतो. घरे चारच, अक्षरे तीच. त्यांतून वाचकासमोर कोण उभे राहील, हे एका ओळीवर अवलंबून.

२१/
दुसरे उदाहरण व्हायोला. पाच अक्षरे, तीन स्वर. हे वाद्य कोड्यात पूर्वापार येत आले आहे, तसेच शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'ची नायिकाही. २०१५ मध्ये व्हायोला डेव्हिस यांना नाट्यमय मालिकेतील प्रमुख अभिनेत्रीचा एमी मिळाला. तो मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. त्या दिवसापासून प्रत्येक कोडेकारापुढे एक पर्याय उघडा आहे. ओळखीच्या पाच घरांत वाद्य ठेवायचे, नायिका ठेवायची, की ही अभिनेत्री? चौकटीतील एकही अक्षर न हलवता हा निर्णय घेता येतो.

२२/
हे निर्णय संपादकांनुसार बदलत गेले. फरार यांच्यानंतर १९६९ मध्ये विल वेंग आले, १९७७ मध्ये युजीन मलेस्का. मलेस्का यांचा ओढा अभिजात वाङ्मय, लॅटिन आणि ऑपेरा यांकडे. दूरचित्रवाणी त्यांना फारशी रुचत नसे. १९८० च्या दशकात तरुण कोडेकारांची एक नवी फळी उभी राहिली. आम्ही ज्या मालिका पाहतो, जी गाणी ऐकतो ती कोड्यात का नकोत, असा तिचा प्रश्न होता. १९९३ मध्ये विल शॉर्ट्झ संपादक झाले आणि लोकसंस्कृतीला 'टाइम्स'चे दार बरेच सताड उघडले.

२३/
पण लोकसंस्कृती म्हणजे नेमकी कोणत्या लोकांची? २०२० मध्ये अनेक कोडेकारांनी आणि सोडवणाऱ्यांनी 'टाइम्स'ला खुले पत्र लिहून हाच मुद्दा मांडला. कोडी तपासणाऱ्या मंडळात विविधता नसेल, तर जे नाव त्यांना अपरिचित ते सर्वांना अपरिचित असे गृहीत धरले जाते, आणि स्त्रिया व अल्पसंख्य समाजांशी निगडित शब्द 'कोणाला ठाऊक असणार' म्हणून परत येतात, असे त्यांचे म्हणणे होते. चार घरांच्या शब्दावरून एवढा वाद कशाला, असे कोणी म्हणेल. रोज लाखो लोक जे 'सर्वसामान्य ज्ञान' म्हणून भरतात, त्याची व्याख्या कोण करतो, यावरचा तो वाद होता.

२४/
या संदर्भात एक जोडी पाहण्यासारखी आहे. एकाच व्यक्तिरेखेसाठी विनोदी आणि गंभीर अशा दोन्ही वर्गांत एमी मिळवणारे कलावंत दोनच. एक एड अ‍ॅझनर, लू ग्रँट या भूमिकेसाठी. दुसरी उझो अदुबा, 'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक'मधील भूमिकेसाठी, २०१४ आणि २०१५ मध्ये. तिचे नाव यू, झेड, ओ, आडनाव ए, डी, यू, बी, ए. तिचे आई-वडील नायजेरियातून आलेले, आणि इग्बो नावांतील हे स्वर कोडेकाराला वरदानच ठरले. अ‍ॅझनर कोड्यात कित्येक वर्षांपासून होते. त्यांच्या शेजारी तीही येऊन बसली. इथे अक्षरांची सोय आणि संपादकांची बदललेली दृष्टी एकत्र आली.

२५/
कधी कधी प्रवाह उलटाही वाहतो आणि अक्षरांतूनच नवा मान जन्माला येतो. एमी, ग्रॅमी, ऑस्कर, टोनी या चारही पुरस्कारांच्या आद्याक्षरांनी 'ईगॉट' हा शब्द बनतो. १९८० च्या दशकात 'मायामी व्हाइस'चे अभिनेते फिलिप मायकेल थॉमस यांनी तो आपल्या महत्त्वाकांक्षेचे नाव म्हणून वापरला. त्यांना चारपैकी एकही पुरस्कार मिळाला नाही. २००९ मध्ये '३० रॉक' या विनोदी मालिकेने तो शब्द घरोघरी नेला, आणि कोडेकारांना चार अक्षरांचे आणखी एक घबाड लाभले. रिटा मोरेनो यांनी १९७७ मध्येच हे चारही पुरस्कार पुरे केले होते. व्हायोला डेव्हिस यांनी ते २०२३ मध्ये केले.

२६/
हे सारे अमेरिकन चौकटीचे गुण आहेत, याचा पुरावा लंडनमध्ये मिळतो. तेथील 'टाइम्स'ने १ फेब्रुवारी १९३० पासून शब्दकोडे सुरू केले. ब्रिटिश चौकटीत साधारण निम्मीच अक्षरे दोन शब्दांत सामाईक असतात, त्यामुळे स्वरबहुल आखूड शब्दांची तशी निकड भासत नाही. शिवाय या दैनिकाचा दीर्घकाळ दंडक होता की राज्यकर्त्या राजा किंवा राणीखेरीज कोणाही हयात व्यक्तीचे नाव कोड्यात यायचे नाही. मग आल्डा, अ‍ॅझनर, अदुबा येणार कोठून? नियम बदलला की स्मरणात राहणारी माणसेही बदलतात.

२७/
आपल्या मराठी कोड्याचे उदाहरण तर याहून बोलके. आपण एका घरात एक रोमन अक्षर भरत नाही, मात्रेसह संपूर्ण अक्षर भरतो. 'महाराष्ट्र' चार घरांत बसतो, आणि शेवटच्या घरात अख्खा 'ष्ट्र' असतो. 'एमी' आपल्याकडे दोन घरांचा शब्द. त्याच्या 'मी'मधून जाणाऱ्या उभ्या शब्दात नेमका दीर्घ 'मी'च हवा, 'म' किंवा 'मि' चालणार नाही. म्हणून मराठी कोड्यातले नेहमीचे पाहुणे वेगळे आहेत. पुढच्या रविवारी पुरवणीतील कोडे सोडवताना पुनःपुन्हा येणारे दहा शब्द टिपून ठेवा. त्यांतील किती शब्द महत्त्वामुळे आले आणि किती निव्वळ अक्षरांच्या सोयीमुळे, हे तपासणे हा उत्तम अभ्यास होईल.

२८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे? प्रत्येक साधनाला स्वतःची चौकट असते. ताम्रपटांत दाने घेणाऱ्यांची नावे मिळतात, कारण ताम्रपट दानासाठीच कोरला जाई. जमाबंदीच्या कागदांत कर भरणारा दिसतो, कर न भरणारी त्याच्या घरातील स्त्री बहुधा दिसत नाही. साधनात एखादे नाव शंभरदा आले म्हणून ते सर्वांत मोठे ठरत नाही, आणि एकदाही आले नाही म्हणून क्षुल्लक ठरत नाही. आधी चौकटीचे नियम समजून घ्यावेत, मग मोजदाद करावी.

२९/
आणि नियमांवर सारा भार टाकून मोकळेही होऊ नये. अक्षरे जिथे हात बांधतात, तिथे कोणाचाच दोष नाही. जिथे हात मोकळा आहे, म्हणजे संकेत लिहिताना, तिथे निवड माणसाची असते आणि तिचे उत्तरदायित्वही माणसाचे. शर्ली डिन्सडेलचे नाव चौकटीत बसत नाही, हे खरे. पण 'शर्ली डिन्सडेल या शब्दभ्रमकर्तीला १९४९ मध्ये प्रथम मिळालेला पुरस्कार' असा संकेत लिहून त्याच चार घरांत एमी भरायला कोणाची आडकाठी आहे?

३०/
तेव्हा यापुढे कधी इंग्रजी कोड्यात 'दूरचित्रवाणीचा पुरस्कार' हा संकेत भेटला, तर पेन क्षणभर थांबवा. त्या चार घरांत एक कालबाह्य कॅमेरा-नळी आहे, डोरोथी मॅकमॅनस आहेत, ज्युडी स्प्लिंटर्स नावाची एक बोलकी बाहुली आहे आणि तिला बोलते करणारी तरुणी आहे. मग खुशाल ई, एम, एम, वाय भरा.

धागा समाप्त. आपल्या ओळखीच्या कोडेप्रेमींपर्यंत तो अवश्य पोहोचवा, आणि मराठी कोड्यांतले आपले दहा शब्द खाली लिहा. त्यांवर पुढचा धागा करू.